थोरांची ओळख : जुन्या फटफटीचा जिद्दी कारागीर बर्ट मन्रो



आपल्या सावद्यात फटफटी कोणाला माहीत नाही? केळीच्या बागेत जायचे असो की फैजपूरच्या बाजारात, काढली गाडी आणि निघाले. गॅरेजपाशी जरा उभे राहा, मोठ्या मुलांचे एकच बोलणे कानावर येते : गाडी अजून जोरात पळवायची कशी? कोणी सायलेन्सर काढा म्हणतो, कोणी कार्बोरेटर बदला म्हणतो. म्हणून या वेळी आम्ही अशा माणसाचे चरित्र निवडले आहे, ज्याने घरच्या घरी एकच जुनी फटफटी सुधारण्यात सारे आयुष्य घातले.

नकाशात ऑस्ट्रेलियाच्या उजव्या हाताला, खालच्या बाजूस न्यूझीलंड देश आहे. त्याच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकारगिल नावाचे गाव आहे. तेथे २५ मार्च १८९९ रोजी बर्टचा जन्म झाला. त्याची जुळी बहीण जन्मतःच दगावली. हा मुलगाही दोन वर्षांच्या पुढे जगायचा नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले होते. पण पोरगा चिवट निघाला! घरी शेती होती. बर्टला वेगाचे वेड लहानपणापासूनच. शेतावरच्या घोड्यांत जो सर्वांत जोरात पळे, तोच त्याला बसायला हवा असे.

१९२० साली त्यांनी 'इंडियन स्काऊट' नावाची मोटारसायकल घेतली. नावात इंडियन आहे म्हणून ती आपल्या देशात झाली असे समजू नका. ती अमेरिकेतल्या कंपनीची होती. रोजच्या वापराची साधी गाडी. तिचा वेग तासाला फार तर ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. दुसऱ्या कोणी ती विकून नवी घेतली असती. मन्रो यांनी मात्र १९२६ पासून तीच गाडी सुधारायला घेतली.

पोटासाठी ते मोटारसायकली विकत आणि दुरुस्त करत. रात्री स्वतःच्या शेडमध्ये काम चाले. पैसा बेताचाच. कारखान्यासारखी यंत्रे कुठून आणणार? मग त्यांनी काय केले बघा. पिस्टन म्हणजे सिलिंडरमध्ये खालीवर पळणारा दट्ट्या. मन्रो जुन्या डब्यांचे साचे करून त्यात वितळलेला धातू ओतत आणि पिस्टन घरीच तयार करत. पिस्टनचा जोर पुढे पोचवणारा कनेक्टिंग रॉड त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या आसातून घडवला. मोजमापासाठी चाकाचा जुना स्पोक वापरला.

इंजिनाची ताकद कशी वाढते, तेही थोडक्यात सांगतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये जळते आणि पिस्टनला ढकलते. जास्त मिश्रण आत गेले आणि नीट जळले, तर धक्का जास्त. या गाडीचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते, त्यामुळे मिश्रणाला वळसा घेऊन जावे लागे. मन्रो यांनी ते वर, सिलिंडरच्या डोक्यावर आणले. सिलिंडरही मोठे केले. सुमारे ६०० सीसीचे इंजिन शेवटी ९५० सीसीचे झाले.

पण हे सोपे नव्हते हं! ताकद वाढली की उष्णता वाढते, प्रत्येक भागावर ताण वाढतो. कधी पिस्टन फुटे, कधी रॉड तुटे, तर कधी सारे इंजिनच खलास. ते तुटके तुकडे मन्रो यांनी फेकले नाहीत. शेडमधल्या फळीवर मांडून ठेवले आणि तो वेगाच्या देवाचा नैवेद्य आहे असे तेथे लिहिले. कोणता भाग कशाने तुटला हे पाहायचे, पुन्हा नवा घडवायचा, असे चाळीस वर्षे चालले.

अमेरिकेत बॉनेव्हिल येथे मिठाचे मैलोन्‌मैल सपाट मैदान आहे. तेथे वेगाचे विक्रम होतात. वाऱ्याचा फायदा कोणाला मिळू नये म्हणून गाडी एकदा जाताना आणि एकदा येताना पळवतात आणि दोन्हींची सरासरी धरतात. १९६२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, मन्रो आपली जुनी गाडी घेऊन तेथे उतरले. वेग भरला तासाला २८८ किलोमीटर! छातीचे दुखणे मागे लागलेले होते. एकदा गरम एक्झॉस्टने पाय भाजला. तरी १९६७ साली, ६८ व्या वर्षी, त्यांनी १००० सीसीच्या आतील गाड्यांच्या वर्गात तासाला सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला.

६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. २००५ साली त्यांच्यावर इंग्रजी चित्रपटही निघाला.

आता आपल्याकडे पाहू. मन्रो यांनी आवाज वाढवला नाही, ताकद वाढवली. नुसता सायलेन्सर काढला की गल्लीतले म्हातारे दचकतात, तान्ही लेकरे रडतात. आवाज वाढला म्हणजे गाडीत बळ आले असे नसते. शिवाय त्यांनी विक्रम केले ते मोकळ्या मैदानात. आपला रस्ता बऱ्हाणपूर-अंकलेश्वरचा. त्यावर केळीचे ट्रक, बैलगाड्या आणि शाळेत येणारी आम्ही पोरे. ८८ किलोमीटरच्या गाडीचे ब्रेक आणि टायर त्याच वेगापुरते असतात, हे इंजिन सुधारणारा विसरतो. म्हणून तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणी झालेल्या गाडीत मनाला येईल तसा फेरबदल करता येत नाही.

मग मन्रो यांच्याकडून घ्यायचे काय? हाताने काम करण्याची लाज नको. मोजल्याशिवाय कापू नये. आणि मोडलेली वस्तू फेकण्याआधी ती का मोडली ते बघावे. घरात बंद पडलेला पाण्याचा पंप असेल, जुनी सायकल असेल, तर तिच्यापासून सुरुवात करा. मोठ्यांना जवळ बसवा आणि खोला.

मोठ्या दादांना मात्र आमची एवढीच विनंती : शाळेसमोरून जाताना गाडी हळू हाका, आणि डोक्यावर हेल्मेट असू द्या.