गिल्बर्ट व्हाइट

गिल्बर्ट व्हाइट (१८ जुलै १७२० – २६ जून १७९३) हे इंग्रज धर्मोपदेशक व निसर्ग-अभ्यासक होते. हॅम्पशायर परगण्यातील सेलबर्न या लहानशा खेड्याच्या निसर्गाविषयी व इतिहासाविषयी त्यांनी लिहिलेला ग्रंथ विशेष प्रसिद्ध आहे.

जीवन

व्हाइट यांचा जन्म सेलबर्न येथे झाला. त्यांचे आजोबा तेथील चर्चचे व्हिकर होते. शिक्षण ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयात झाले व १७४४ मध्ये ते तेथे फेलो झाले. मात्र सेलबर्नची जहागीर आणि तेथील व्हिकर नेमण्याचा अधिकार ऑक्सफर्डच्याच मॅग्डालेन महाविद्यालयाकडे होता. १२३३ मध्ये स्थापन झालेला सेलबर्नचा मठ पंधराव्या शतकाच्या अखेरीस बंद होऊन त्याची मालमत्ता या महाविद्यालयाला मिळाली होती. त्यामुळे ओरिएलच्या व्हाइट यांना आजोबांचे पद लाभणे शक्य नव्हते. तरीही अन्यत्र मोठे पद स्वीकारण्यापेक्षा त्यांनी साहाय्यक धर्मोपदेशक म्हणून गावातच राहणे पसंत केले. ते अविवाहित होते.

निसर्ग-अभ्यास

१७५१ पासून व्हाइट बागेच्या व पुढे पक्षी, हवामान, वनस्पती यांच्या नियमित नोंदी ठेवू लागले. मृत प्राण्यांचे नमुने तपासण्यापेक्षा जिवंत प्राण्यांचे वर्तन पाहण्यावर त्यांचा भर होता. दिसायला जवळजवळ सारख्या असणाऱ्या वटवट्यांच्या तीन जाती त्यांनी मुख्यतः आवाजावरून वेगळ्या ओळखल्या. जमीन भुसभुशीत ठेवण्यातील गांडुळांचे महत्त्वही त्यांनी ओळखले. पुढे चार्ल्स डार्विन यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भिंगऱ्या हिवाळ्यात स्थलांतर करतात की काही येथेच दडून राहतात, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर सुटला नाही. त्यांनी माणसे लावून झुडपांत शोधही घेतला. पुरावा न मिळाल्याने त्यांनी ही शंका ग्रंथात तशीच नोंदवली.

ग्रंथ

थॉमस पेनंट व डेन्स बॅरिंग्टन या अभ्यासकांना लिहिलेल्या पत्रांच्या स्वरूपातील ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबर्न’ हा त्यांचा ग्रंथ १७८९ या वर्षाच्या मुद्रेने निघाला. त्याच्या दुसऱ्या भागात गावाचा, चर्चचा व मठाचा इतिहास आहे. त्याच्या आजवर अनेक आवृत्त्या निघाल्या.

मृत्यू व स्मारक

व्हाइट यांचे निधन सेलबर्न येथील ‘द वेक्स’ या राहत्या घरी झाले. चर्चच्या आवारातील त्यांच्या थडग्यावर केवळ नावाची आद्याक्षरे व मृत्यूची तारीख कोरलेली आहे. त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे.