छतातला लाईट गेला आणि एडिसन आठवला

आमच्या पेडगावच्या घरात हॉलला पीओपी केलं तेव्हा छतात सहा गोल एलईडी लाईट बसवले होते. दोन वर्षांत त्यातले तीन गेले. आधी लुकलुकायचे, मग एक दिवस कायमचे गप्प. वायरमनचं म्हणणं पडलं की सहाच्या सहा नवे घ्या. बहिणीची बारावी, ती रात्री तिथंच अभ्यासाला बसते, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता. पण आधी एक उघडून बघू म्हटलं.

एमसीबी पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि बाजूच्या दोन स्प्रिंग दाबत लाईट खाली ओढला. एलईडीची प्लेट ठणठणीत होती. मेला होता तो वायरीला लटकलेला पांढरा डबा, म्हणजे ड्रायव्हर. आत कपॅसिटर फुगलेला. छतातल्या कोंडलेल्या उष्णतेनं तो लवकर वाळतो.

पण हा डबा लागतोच कशाला? कारण घरात येते २३० व्होल्टची एसी वीज आणि एलईडीला हवी डीसी. या भांडणात एक माणूस आयुष्यातली सगळ्यात मोठी बाजी हरला होता : थॉमस एडिसन.

जन्म १८४७, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. शाळा काही महिनेच, पुढं आईनं शिकवलं. पोरवयात रेल्वेत पेपर आणि गोळ्या-चॉकलेट विकायचा, सामानाच्या डब्यात रसायनांचे प्रयोग करायचा. ऐकू फार कमी यायचं. पहिलं पेटंट १८६९ चं, मतं मोजायच्या यंत्राचं. ते कुणीच घेतलं नाही!

बल्ब त्याच्या आधीही होते, इंग्लंडमध्ये स्वान हेच काम करत होता. माझ्या मते एडिसनची खरी करामत वेगळी. १८७९ मध्ये टिकणारा दिवा जमल्यावर त्यानं जनरेटर, जमिनीखालच्या वायरी, मीटर, फ्यूज, होल्डर असं सगळंच उभं केलं. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून ११० व्होल्टच्या डीसीवर सुमारे ४०० दिवे लागले.

अडचण एकच. कमी व्होल्टेजची वीज लांब न्यावी तर वायरीतच वाया जाते, आणि डीसीचं व्होल्टेज तेव्हा सहज वाढवता येत नव्हतं. एसीचं ट्रान्सफॉर्मरनं वाढवता येतं. वेस्टिंगहाऊस आणि टेस्ला ती घेऊन आले. मग एडिसन घसरला. एसी किती घातक हे दाखवायला १८८८ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत झटके देऊन कुत्री मारली गेली. एवढ्या हुशार माणसानं हे होऊ द्यावं, हे काही मला पटत नाही. उपयोगही झाला नाही. १८९२ मध्ये कंपनी दुसरीत विलीन झाली आणि नावातून एडिसन गळाला. तो १९३१ मध्ये वारला.

आपल्याकडंही एसीच लांब पोचली. १९१५ पासून खोपोलीची वीज थेट मुंबईच्या गिरण्यांना जायची. पण गंमत बघा, मुंबईच्या लोकल १९२५ पासून १५०० व्होल्टच्या डीसीवर धावल्या, आणि ती २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बदलली. न्यूयॉर्कमधली शेवटची डीसी लाईन तर २००७ मध्ये बंद झाली. आणि हातातला मोबाईल? तोही डीसीवरच. चार्जर हा त्याचा ड्रायव्हरच की!

तर मी परभणीहून तीन ड्रायव्हरच आणले. जुन्या डब्यावर आउटपुट ३०० मिलिअँपिअर लिहिलं होतं, नव्यावरही तेवढंच बघून घेतलं. हा आकडा चुकला तर प्लेट जळते, आणि व्होल्टची रेंजही जुळायला हवी. स्वस्त लाईटमध्ये ड्रायव्हर प्लेटवरच असतो, तिथं अख्खा लाईट बदलावा लागतो. तेव्हा भोकाचं माप घेऊनच दुकानात जा. वायरीला हात लावायची भीती वाटत असेल तर जोडणी वायरमनकडून करून घ्या, फक्त डबा कुठला ते तुम्ही सांगा.

तिन्ही लागले. फुगलेला कपॅसिटर बहिणीनं कंपासपेटीत ठेवलाय, फिजिक्सच्या सरांना दाखवायला.