मिठाच्या पुडीमागचा माणूस : डॉ. रामलिंगस्वामी

आमच्या उल्हासनगर कॅम्प १ मधील कोणत्याही वाण्याकडे मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द छापलेला असतो. तो तेथे यावा म्हणून ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्या वुलिमिरी रामलिंगस्वामींचे नाव मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १९२१ चा, आंध्रातील श्रीकाकुलमचा. विशाखापट्टणमला वैद्यकीय पदवी, पुढे ऑक्सफर्ड, आणि परतल्यावर कुन्नूर व दिल्ली येथे संशोधन.

हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड इतका सर्रास असे की कोणाला त्याचे नवल वाटत नसे. गळ्याची गाठ निदान डोळ्यांना दिसते. खरा घात दिसत नाही. डोंगरातील मातीत आयोडीन उरलेले नाही, आणि त्यावाचून थायरॉइड ग्रंथीला आपले संप्रेरक बनवता येत नाही. गर्भात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत ते कमी पडले की बाळाचा मेंदू खुंटतो. मूल मुके, बहिरे, मंदबुद्धी होते.

१९५६ साली डॉक्टरांनी कांग्रा खोऱ्यातील सुमारे एक लाख वस्तीचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीन घातलेले मीठ, तिसऱ्याला साधे. या कामात म. ग. देव हे मराठी संशोधकही त्यांच्याबरोबर होते. आरंभी शंभरांत अडतीस माणसांना गलगंड होता. १९६२ पर्यंत आयोडीनच्या विभागांत हे प्रमाण निम्म्यावर वा त्याहून खाली आले. तिसऱ्यात फरक पडला नाही. मग तिसऱ्यालाही तेच मीठ मिळाले. तुलनेवाचून पुरावा झाला नसता, हे मला पटते. तरी त्या सहा वर्षांत तिसऱ्या विभागात जन्मलेली बाळे मनातून जात नाहीत.

१९६२ सालीच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९८० च्या दशकात खाण्याचे सर्वच मीठ आयोडीनयुक्त करण्याचे ठरले. १९७१ चे पद्मविभूषण लाभलेले डॉक्टर २८ मे २००१ रोजी निवर्तले.

परंतु मिठाने सगळेच भागत नाही. आमच्या शेजारच्या भाभींच्या घरी आयोडीनयुक्त मीठ होतेच. तरी त्यांच्या तान्हीला जन्मतः ग्रंथीच नव्हती. आपल्या देशात हजारांमागे साधारण एका बाळाला जन्मतः हे संप्रेरक कमी पडते. कावीळ लांबली, शी होईना, दूध ओढेना, दिवसभर झोपून राही. किती गुणी बाळ, असे सगळे म्हणत! जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे दोन थेंब घेतले असते तर पंधरवड्यात निदान झाले असते. ते तिसऱ्या महिन्यात झाले. आता भाभी रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी चुरडून चमचाभर दुधातून देतात, आणि बाळ मान कधी धरते याची वाट पाहतात.