जळगावच्या केळीचं नाव आणि लंडनचा काचमहाल: दोन्हीमागे एकच माळी, जोसेफ पॅक्स्टन

बसराई, श्रीमंती, किंवा आता गाडीगाडीवर दिसणारी जी-नाईन. जळगावहून येणारी ही केळी तुम्ही नक्की खाल्ली असणार. शास्त्रज्ञ या सगळ्या जाती एकाच गटात टाकतात, त्या गटाचं नाव कॅव्हेंडिश. जगात पिकणाऱ्या केळ्यांपैकी जवळपास निम्मी याच गटातली आहेत.

आता गंमत बघा. केळी हे आशियातल्या उष्ण, दमट भागातलं झाड आणि कॅव्हेंडिश हे इंग्लंडमधल्या एका उमराव घराण्याचं आडनाव. हे घराणं राहायचं डर्बीशायरमध्ये. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि उघड्यावर लावलेली केळी पहिल्याच थंडीत काळी पडते. तरीही केळीला हे नाव मिळालं, कारण त्या घराण्याकडे एक माळी होता.

जोसेफ पॅक्स्टनचा जन्म 3 ऑगस्ट 1803 चा, बेडफर्डशायरमधल्या एका शेतकरी कुटुंबातला. घरात भावंडं भरपूर, पैसा बेताचा, शिक्षणही जेमतेम. वीस वर्षांचा असताना तो लंडनजवळ चिझिकला हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत कामाला लागला. नोंद करताना त्याने जन्मसाल 1801 सांगितलं, म्हणजे वय दोन वर्षांनी वाढवलं! सोसायटीने ही जागा सहावा ड्यूक ऑफ डेव्हनशायर, म्हणजेच विल्यम कॅव्हेंडिश, याच्याकडून भाड्याने घेतली होती. ड्यूक तिथे फिरायला यायचा. त्याला ऐकू कमी यायचं आणि हा पोरगा त्याच्याशी स्पष्ट, सावकाश बोलायचा. 1826 मध्ये ड्यूकने त्याला थेट चॅट्सवर्थ या आपल्या गावाकडच्या वाड्याचा मुख्य माळी केलं. पॅक्स्टन तेव्हा 22 वर्षांचा होता.

9 मे 1826 ला पहाटे साडेचारला तो चॅट्सवर्थला पोहोचला. फाटक बंद होतं, म्हणून चढून आत गेला. बाग पालथी घातली, सहाला आलेल्या माणसांना कामं वाटली, कारंजी सुरू करून पाहिली आणि मग घरकामाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंकडे नाश्त्याला गेला. तिथे त्यांची भाची सारा होती. नऊ वाजायच्या आत दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली होती, असं पॅक्स्टनने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. पॅक्स्टन सतत फिरतीवर असताना चॅट्सवर्थचे हिशेब आणि माणसं साराच सांभाळायची. त्याच्या यशात तिचा वाटा किती, हे बहुतेक लेखांत एका ओळीत संपतं. तो त्याहून बराच मोठा होता.

झाडं मरायची का?

त्या काळी इंग्लंडमधल्या श्रीमंतांना परदेशी झाडांचं वेड लागलं होतं. दूरदूरच्या जंगलांतून ऑर्किड यायची, हजारो मैलांचा प्रवास करायची आणि काचघरात येऊन मरायची. कारण साधं होतं. झाड उष्ण देशातलं आहे ना, मग त्याला कोंडा आणि भट्टीसारखं तापवा, हाच सगळ्यांचा समज होता.

पण उष्ण देशात डोंगरही असतात. तिथल्या झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडला वारा लागतो, रात्री गारवा लागतो. पॅक्स्टनने वेगवेगळ्या तापमानाची वेगवेगळी काचघरं केली. हवा खेळती ठेवली. ओलावा हवा तर कुंड्या भिजवत बसण्यापेक्षा खालच्या वाटांवर पाणी शिंपडायचं, म्हणजे हवा दमट राहते आणि मुळं कुजत नाहीत. आज घरात ऑर्किड ठेवणारे नेमकं हेच करतात.

केळी चॅट्सवर्थला आली 1829 च्या सुमारास, मॉरिशसहून इंग्लंडला आणलेल्या बुटक्या जातीच्या रोपाच्या रूपात. पॅक्स्टनने तिला कुजलेलं शेणखत, सकस माती, भरपूर पाणी दिलं आणि तापमान साधारण 18 ते 30 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखलं. नोव्हेंबर 1835 मध्ये तिला कोका आला आणि 1836 च्या मे महिन्यापर्यंत शंभराहून जास्त केळ्यांचा घड तयार झाला. इंग्लंडमध्ये पिकलेला हा घड हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात पदक घेऊन गेला आणि जातीला ड्यूकच्या घराण्याचं नाव मिळालं. पुढे जॉन विल्यम्स या मिशनऱ्याने चॅट्सवर्थची रोपं थेट पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर नेली.

जगातलं प्रत्येक केळं या एका बागेतून आलं असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर मात्र विश्वास ठेवू नका. या गटातल्या जाती आशियात आधीपासून होत्याच. चॅट्सवर्थने केळी निर्माण केली नाही, तिला नाव दिलं आणि तिच्या प्रवासात एक टप्पा जोडला.

झाडांसाठी गेलेले जीव

नवीन झाडं हवीत तर ती आणायला माणूस हवा. 1835 मध्ये चॅट्सवर्थचा तरुण माळी जॉन गिब्सन भारतात निघाला. ज्या जहाजातून नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड येत होते, त्याच जहाजातून. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या मदतीने तो खासी टेकड्यांमध्ये, चेरापुंजीकडे गेला आणि 1837 मध्ये ऑर्किडचा खजिना घेऊन परतला. सोबत ब्रह्मदेशातलं अॅमहर्स्टिया हे लालभडक फुलांचं झाडही होतं. त्यासाठीच तर सगळा खटाटोप! पण इंग्लंडमध्ये अॅमहर्स्टिया पहिल्यांदा फुललं ते 1849 मध्ये, लुईसा लॉरेन्स या बागप्रेमी बाईंच्या इलिंगच्या काचघरात. ड्यूकला तो मान मिळाला नाही.

गिब्सन परत तरी आला. 1838 मध्ये रॉबर्ट वॉलेस आणि पीटर बँक्स हे चॅट्सवर्थचे दोन माळी उत्तर अमेरिकेत गेले होते. कोलंबिया नदीत होडी उलटली आणि दोघंही बुडाले. कुंडीतल्या सुंदर झाडाकडे पाहताना या बाजूचा विचार सहसा होत नाही.

सात मैल पाइप

1836 ते 1840 या काळात चॅट्सवर्थला ग्रेट स्टोव्ह उभा राहिला. वास्तुविशारद डेसिमस बर्टनची मदत होती, पण कल्पना पॅक्स्टनची. लांबी 277 फूट, रुंदी 123 फूट, उंची 67 फूट. आत ताड, केळी, वेली आणि मधून घोडागाडी जाईल असा रस्ता. 1843 मध्ये राणी व्हिक्टोरिया आली तेव्हा हजारो दिवे लावून तिला खरोखरच गाडीतून आत फिरवलं.

या घराचं छप्पर सपाट नव्हतं, पन्हळी पत्र्यासारखं घड्याघड्यांचं होतं. त्यामागे हिशेब होता. सकाळ-संध्याकाळचं तिरपं, अशक्त ऊन काचेवर सरळ पडून आत यावं आणि दुपारचं कडक ऊन तिरपं पडून पानं भाजू नयेत. इंग्लंडसारख्या कमी उन्हाच्या देशात हे फार मोलाचं होतं.

उन्हाची सोय अशी झाली, उष्णतेचं काय? जमिनीखाली आठ बॉयलर आणि सुमारे सात मैल लांबीचे लोखंडी पाइप. कोळसा भुयारातल्या रुळांवरून यायचा आणि धूर लांब टेकडीवरच्या झाडीत सोडला जायचा, म्हणजे पाहुण्यांना काहीच दिसू नये.

ऑगस्ट 1849 मध्ये क्यू उद्यानातून पॅक्स्टनने अॅमेझॉनच्या महाकाय कमळाचं एक छोटं रोप आणलं. क्यूमध्ये ते फुलत नव्हतं. पॅक्स्टनने टाकीतलं पाणी कोमट ठेवलं आणि ते नदीसारखं हलतं राहावं म्हणून छोटं चाक बसवलं. नोव्हेंबरमध्ये, ऐन थंडीत, कमळ फुललं. पान इतकं भक्कम होतं की त्याने आपल्या छोट्या मुलीला, अॅनीला, त्यावर उभं केलं. पानाच्या खालच्या बाजूला शिरांचं जाळं असतं. जाड शिरा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या बारीक शिरा. एवढ्या पातळ पानाला तेच तोलून धरतं. कमळासाठी बांधलेल्या नव्या घरात पॅक्स्टनने हाच विचार वापरला.

त्याच वेळी लंडनमध्ये जागतिक प्रदर्शनाची तयारी अडली होती. दोनशेहून अधिक आराखडे आले, एकही पसंत पडला नाही. समितीने स्वतः आखलेली इमारत विटांची आणि अवाढव्य होती, वेळेत होणं अशक्य. जून 1850 मध्ये रेल्वे कंपनीच्या एका बैठकीत बसल्याबसल्या पॅक्स्टनने टिपकागदावर एक रेखाटन केलं. ते मुळात एक प्रचंड मोठं काचघरच होतं! कारखान्यात सारख्या मापाचे भाग बनवायचे आणि जागेवर जोडायचे. 1848 फूट लांब, सुमारे तीन लाख काचा. हाइड पार्कमधली मोठी एल्म झाडं न तोडता तशीच आत घेतली. 1 मे 1851 ला क्रिस्टल पॅलेस खुला झाला आणि साठ लाख वेळा लोकांनी त्यात पाऊल टाकलं. माळ्याचा सर जोसेफ पॅक्स्टन झाला, पुढे कॉव्हेंट्रीचा खासदारही. वास्तुशास्त्राची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती.

1858 मध्ये ड्यूक गेला आणि पॅक्स्टनने चॅट्सवर्थची नोकरी सोडली. 8 जून 1865 ला तोही गेला. चॅट्सवर्थजवळच्या इडन्सर गावात त्याची कबर आहे.

त्याने उभारलेली उष्ण हवा मात्र कोळशावर तगून होती. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली, बॉयलर थंडावले आणि ग्रेट स्टोव्हमधली झाडं मेली. 1920 मध्ये इमारत सुरुंग लावून पाडायचं ठरलं. पहिल्या प्रयत्नात ती पडली नाही, पुन्हा पुन्हा स्फोट करावे लागले. हे काम पॅक्स्टनच्याच नातवाने, चार्ल्स मार्कहॅमने, करवून घेतलं. क्रिस्टल पॅलेस तोवर लंडनच्या सिडनहॅम भागात हलवलेला होता, तो 30 नोव्हेंबर 1936 च्या रात्री जळाला.

ग्रेट स्टोव्हच्या जागी आता झुडपांचा भुलभुलैया आहे. थंडीवाऱ्यात तगणाऱ्या झुडपांचा. भोवती पायाच्या दगडी भिंती अजून दिसतात.