दातांच्या तारांचे जनक डॉ. एडवर्ड अँगल आणि हाडातला छोटा स्क्रू

तुमच्या मुलीचे पुढचे दात बाहेर आले आहेत. तारा लावायचे ठरले आहे आणि डॉक्टर म्हणतात, हिरडीतून हाडात दोन बारीक स्क्रू बसवावे लागतील. स्क्रू म्हटले की घरात सगळेच दचकतात. नंदुरबार, शहादा किंवा तळोद्यात राहणाऱ्या पालकांना प्रश्न पडतो की शेजारच्या मुलाचे दात नुसत्या तारांनी सरळ झाले, मग आपल्याच मुलीला हे कशाला? याचे उत्तर समजून घ्यायला आधुनिक दंतसरळीकरणाचे जनक मानले जाणारे डॉ. एडवर्ड अँगल यांचे आयुष्य उपयोगी पडते. आज तुम्हाला ज्याची भीती वाटते, त्याच्या मुळाशी असलेल्या अडचणीशी ते जन्मभर झुंजत होते.

शेतकऱ्याचा मुलगा

अँगल यांचा जन्म 1 जून 1855 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हेरिक या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. त्यांना लहानपणापासून अवजारे आणि यंत्रे जुळवण्याचा नाद होता. 1878 मध्ये ते दंतवैद्य झाले. पुढे छातीच्या आजाराने त्यांना गाव सोडावे लागले. मध्यंतरी त्यांनी मोंटाना भागात मेंढपाळीचा धंदाही करून पाहिला. तो बुडाल्यावर ते पुन्हा दातांकडे वळले आणि मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागले.

त्या काळी वाकडे दात सरळ करणे हे दंतवैद्याचे किरकोळ काम समजले जाई. अँगल यांनी त्याचे स्वतंत्र शास्त्र केले. 1899 मध्ये त्यांनी वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून तीन वर्ग ठरवले. तुमच्या केसपेपरवर 'क्लास टू' असे काही लिहिलेले दिसले, तर ती त्यांचीच वर्गवारी आहे. 1900 मध्ये त्यांनी सेंट लुईस येथे या विषयाची शाळा काढली.

जोर कुठून लावायचा?

विहिरीतून भरलेली बादली ओढताना तुम्ही पाय घट्ट रोवता. पाय घसरले तर बादली वर येण्याऐवजी तुम्हीच पुढे जाल. दातांचेही तसेच आहे. पुढचे दात मागे ओढायचे तर आधार मागच्या दाढांचा घ्यावा लागतो. पण दाढाही हाडात सरकू शकतात, म्हणून त्या थोड्या पुढे येतात. या आधारालाच अँकरेज म्हणतात.

अँगल यांनी आपल्या पुस्तकात अँकरेजचे प्रकार मांडले. कधी अनेक दात एकत्र बांधून आधार घेतला, कधी वरच्या आणि खालच्या जबड्यात रबर लावले, तर कधी डोक्याला टोपी घालून मागून ताण दिला. पुढे या टोपीचे हेडगियर झाले. ते रोज 12 ते 14 तास घालावे लागते. शाळेत जाणारी मुले ते घालायला लाजतात, कंटाळतात, आणि तिथेच उपचार रखडतो.

अँगल यांनी जबड्याच्या फ्रॅक्चरवरही उपचार लिहिले होते. तरीही दात ओढायला थेट हाडाचा आधार घेणे त्यांच्या काळात शक्य झाले नाही. शरीर स्वीकारेल असा योग्य धातूच हाताशी नव्हता.

एकही दात न काढण्याचा आग्रह

अँगल यांचे ठाम मत होते की सगळे दात ठेवूनच जबडा नीट जुळवायचा. निरोगी दात काढणे त्यांना मान्य नव्हते, आणि 1911 च्या सुमारास या प्रश्नावर अमेरिकेत मोठा वाद पेटला. आयुष्याच्या उत्तरार्धात ते कॅलिफोर्नियातील पासाडेनाला राहिले. तिथे त्यांनी चौकोनी खाच आणि चौकोनी तार असलेले 'एजवाइज' उपकरण सिद्ध केले. आजच्या बहुतेक ब्रेसेस त्याचीच सुधारलेली रूपे आहेत. 11 ऑगस्ट 1930 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी आधी गुरूंचीच पद्धत पाळली. पण काही रुग्णांत सगळे दात ठेवल्याने ओठ आणि दात पुढेच राहतात आणि दात पुन्हा वाकडे होतात, असे त्यांना दिसले. त्यांनी अशा रुग्णांवर दात काढून पुन्हा उपचार केले. तेव्हापासून हा निर्णय प्रत्येक रुग्णाचा चेहरा, जबडा आणि उपलब्ध जागा पाहून घेतला जातो.

हाडाचा आधार

1945 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या जबड्यात धातूचे स्क्रू बसवून दात ओढून पाहिले गेले, पण ते स्क्रू काही आठवड्यांतच सैल झाले. नंतर स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळते हे दाखवले. 1983 मध्ये एका रुग्णाच्या नाकाखालच्या हाडात स्क्रू बसवून पुढचे दात वर नेण्यात यश आले. 1997 मध्ये जपानच्या कानोमी यांनी अवघा 1.2 मिलिमीटर जाड आणि 6 मिलिमीटर लांब स्क्रू वापरला. आजचे मिनी इम्प्लांट साधारण याच मापाचे किंवा थोडे मोठे असतात.

उपदाढ काढल्यावर साधारण 7 मिलिमीटर जागा मिळते. दाढा पुढे सरकल्या तर त्यातली काही वाया जाते. स्क्रूचा आधार असेल तर जवळजवळ सगळी जागा पुढचे दात मागे नेण्यासाठी वापरता येते. काही रुग्णांत दातांची पूर्ण रांगच मागे सरकवून दात काढणे टाळताही येते. पण स्क्रू बसवला म्हणजे दात काढावा लागणारच नाही, असे समजू नका.

तुम्हाला काय माहीत असावे?

* स्क्रू हिरडी बधिर करून काही मिनिटांत बसवतात. भूल मुद्दाम हलकी देतात, म्हणजे स्क्रू मुळाजवळ गेला तर तुम्हाला जाणवते. तसे वाटले तर लगेच हात वर करा.
* तो कायमचा नसतो. काम झाले की उलटा फिरवून काढतात आणि ती जागा भरून येते.
* शंभरपैकी साधारण दहा ते पंधरा स्क्रू सैल होतात. मग जागा बदलून दुसरा बसवतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून घाट उतरून यायचे असेल, तर स्क्रू हलला तर कोणाला फोन करायचा हे आधीच विचारून ठेवा.
* कोवळ्या वयात हाड मऊ असते, त्यामुळे लहान मुलांत स्क्रू कमी टिकतात.
* तंबाखू, गुटखा आणि मिश्रीने हिरडी बिघडते. उपचार सुरू होण्यापूर्वीच ही सवय सोडा.
* आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. घरात कोणाला हा आजार असेल, रुग्णाची तपासणी झाली नसेल, किंवा मधुमेह असेल, तर स्क्रू बसवण्यापूर्वी डॉक्टरांना नक्की सांगा.
* पहिले काही दिवस मिरचीचा ठेचा आणि कडक भाकरी बाजूला ठेवा. मऊ ब्रशने स्क्रूभोवती रोज स्वच्छता करा. त्याला जीभ किंवा नख लावत राहू नका.

सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझ्या मुलीचे कोणते दात किती सरकवायचे आहेत? स्क्रू न लावता ते जमेल का, आणि त्यात काय गमवावे लागेल? दात काढायचा की ठेवायचा, आणि का? अँगल यांच्या काळात हाडाच्या आधाराचा पर्याय नव्हता. तुमच्यासमोर तो आहे, म्हणून एक्स-रे आणि दातांचे साचे समोर ठेवून ही उत्तरे समजावून घ्या आणि मगच निर्णय घ्या.