विश्लेषण : लांडग्यांचा शिकारी मुलांचा निसर्गशिक्षक कसा झाला?

उन्हाळी सुट्टी जवळ आली की मुलांच्या निसर्ग शिबिरांची नोंदणी सुरू होते. पक्षी ओळखणे, चिखलातले ठसे शोधणे, रात्री तारे पाहणे, शेकोटीभोवती गोष्टी ऐकणे हा तिथला ठरलेला कार्यक्रम. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत या कार्यक्रमाला आकार देणाऱ्यांत अर्नेस्ट थॉम्पसन सेटन हे ठळक नाव. चित्रकार, प्राणिअभ्यासक आणि लेखक असलेले सेटन हे ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’चे पहिले चीफ स्काउट. मात्र पाचच वर्षांत त्यांना त्या संघटनेतून बाहेर पडावे लागले. मुलांना निसर्ग कशासाठी शिकवायचा, हाच या वादाचा गाभा होता.

सेटन यांचे बालपण कसे होते?

सेटन यांचा जन्म १४ ऑगस्ट १८६० रोजी इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथे झाला. ते सहा वर्षांचे असताना कुटुंब कॅनडात स्थलांतरित झाले. आधी लिंडसेजवळचे शेत आणि नंतर टोरांटो शहर. वडील कडक आणि मारकुटे होते. घरातला धाक टाळण्यासाठी हा मुलगा टोरांटोतील डॉन नदीच्या झाडीत रमू लागला. तिथे त्याने गुपचूप एक झोपडीही बांधली होती. पुढे २१ वर्षांचे झाल्यावर वडिलांनी त्यांच्या हातात पालनपोषणाच्या खर्चाचा हिशेब ठेवला. जन्माच्या वेळच्या डॉक्टरच्या फीसह ती रक्कम ५३७ डॉलर ५० सेंट होती, असे सेटन यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. मोठ्यांच्या धाकाबाहेर, झाडीत मिळालेले हे शिक्षण त्यांच्या पुढच्या कामाचा पाया ठरले.

शिकारी सेटन का बदलले?

चित्रकलेचे शिक्षण त्यांनी लंडन आणि पॅरिसमध्ये घेतले. मधल्या काळात कॅनडातील मॅनिटोबाच्या गवताळ प्रदेशात पक्षी-प्राण्यांच्या बारकाईने नोंदी केल्या. १८९३ मध्ये ते अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या करंपॉ खोऱ्यात गेले. गुरे मारणाऱ्या लांडग्यांचा बंदोबस्त करण्याचे काम त्यांच्याकडे होते. तिथल्या कळपाचा म्होरक्या ‘लोबो’ विषारी आमिषाला आणि सापळ्यांना दाद देत नव्हता. अखेर सेटन यांनी त्याची जोडीदारीण ब्लांका हिला सापळ्यात पकडून मारले. तिचा माग काढत आलेला लोबो ३१ जानेवारी १८९४ रोजी अडकला. त्याला गोळी न घालता बांधून ठेवण्यात आले. सकाळी तो मेलेला आढळला. हा प्रसंग सेटन यांना आयुष्यभर डाचत राहिला. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्राणिकथांच्या पुस्तकात लोबोची कथा आहे. या पुस्तकाने त्यांना अमाप लोकप्रियता दिली. त्यानंतर लांडग्यांसह वन्यप्राण्यांच्या बाजूने ते सातत्याने लिहीत-बोलत राहिले.

पहिले शिबीर कसे भरले?

पुस्तकाच्या यशानंतर सेटन यांनी कनेक्टिकट राज्यात कॉस कॉब येथे मोठी जमीन घेतली आणि वन्यजीवांसाठी तिला कुंपण घातले. गावातली मुले आजवर तिथे मोकळी हिंडत होती. ती चिडली. त्यांनी कुंपण मोडले, फाटकावर वेडीवाकडी चित्रे रंगवली. सेटन यांनी पोलिसांत जाण्याऐवजी गावची शाळा गाठली आणि याच मुलांना आपल्या जमिनीवर मुक्कामाचे आमंत्रण दिले. १९०२ च्या वसंत ऋतूत हे शिबीर भरले. मुले तळ्यात डुंबली, पोटभर जेवली आणि रात्री शेकोटीभोवती बसून सेटन यांच्या तोंडून प्राण्यांच्या आणि मूळनिवासी अमेरिकनांच्या गोष्टी ऐकत राहिली. दुसऱ्या टप्प्यात त्यांनी मुलांसमोर नियम आणि पदे ठेवली. प्रमुख मात्र मुलांनीच मतदानाने निवडायचा होता. सेटन यांनी स्वतःकडे सल्लागाराचे काम घेतले. यातून ‘वुडक्राफ्ट इंडियन्स’ ही चळवळ उभी राहिली.

शिकवण्याची पद्धत काय होती?

पहिले सूत्र म्हणजे हाताने करून शिकणे. काड्या घासून आग पेटवायची, झाडे पानांवरून ओळखायची, ठशांवरून प्राण्याची चाल सांगायची. दुसरे सूत्र अधिक महत्त्वाचे होते. इथे मुलांमध्ये पहिला-दुसरा नंबर नव्हता. कोणत्या कामाला कोणती कसोटी हे आधीच ठरलेले असे. ती जो पार करील त्याला मानाचे पीस मिळे. एकाला मिळाले म्हणून दुसऱ्याचे हुकत नसे. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी नव्हे, ठरलेल्या कसोटीशी व्हायची.

लोबोचा शिकारी इथे शिकारीलाही खेळात बदलताना दिसतो. गोणपाटात गवत भरून हरिण तयार केले जाई. एक मुलगा खुणा टाकत ते रानात लपवून येई. बाकीचे माग काढत जाऊन त्यावर बाण सोडत. माग काढण्याची सगळी हुशारी कामी येई, पण जीव कुणाचाच जात नसे.

बेडन-पॉवेल यांच्याशी संबंध काय?

सेटन यांनी आपल्या पद्धतीची पुस्तिका १९०६ मध्ये ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांना पाठवली. त्याच वर्षी दोघे लंडनमध्ये भेटले. १९०८ मध्ये बेडन-पॉवेल यांचे स्काउटिंगवरील प्रसिद्ध पुस्तक आले. त्यातले अनेक खेळ आणि कल्पना आपल्याच असून पुरेसे श्रेय मिळाले नाही, ही सेटन यांची तक्रार अखेरपर्यंत कायम राहिली. मात्र स्काउट चळवळीत बेडन-पॉवेल यांचे स्वतःचे लष्करी अनुभव आणि संघटनकौशल्यही होते. त्यामुळे ती सर्वस्वी सेटन यांची निर्मिती ठरत नाही.

ते स्काउट संघटनेतून बाहेर का पडले?

१९१० मध्ये ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ स्थापन झाली. सेटन चीफ स्काउट झाले आणि तिच्या पहिल्या हस्तपुस्तिकेची जबाबदारीही त्यांनी उचलली. पण संघटनेचे प्रशासक जेम्स वेस्ट यांच्याशी त्यांचे खटके उडू लागले. १९१४ मध्ये युरोपात पहिले महायुद्ध पेटले आणि अमेरिकेतही देशभक्ती, शिस्त, युद्धसज्जता यांचा सूर चढला. सेटन यांना कवायत नको होती, रान हवे होते. तोवर ते ब्रिटिश नागरिकच होते. हाच मुद्दा त्यांच्या विरोधात पुढे आला आणि १९१५ मध्ये ते बाहेर पडले. नंतर त्यांनी ‘वुडक्राफ्ट लीग’मधून काम चालू ठेवले. तिथे मुलींना आणि प्रौढांनाही प्रवेश होता.

आक्षेप कोणते घेतले गेले?

पहिला आक्षेप त्यांच्या लेखनावर. १९०३ मध्ये निसर्गलेखक जॉन बरोज यांनी सेटन प्राण्यांना माणसासारखे रंगवतात, अशी जाहीर टीका केली. सेटन यांनी पुढे वन्यप्राण्यांवर चार खंडांचा अभ्यासपूर्ण ग्रंथ सिद्ध केला. त्याला बरोज यांच्याच नावाचे पदक मिळाले.

दुसरा आक्षेप आजचा आणि अधिक गंभीर आहे. सेटन यांना मूळनिवासी अमेरिकनांविषयी आदर होता. त्यांच्या हक्कांसाठी ते बोललेही. पण त्या काळी मूळनिवासी मुलांना निवासी शाळांत डांबून त्यांची भाषा आणि चालीरीती पुसल्या जात होत्या. त्याच वेळी गोरी मुले शिबिरात पिसे खोवून ‘इंडियन’ होण्याचा खेळ खेळत होती. ही विसंगती झाकता येत नाही.

त्यांच्या कामातले आज काय उरले?

सेटन १९३० मध्ये न्यू मेक्सिकोतील सांता फेजवळ स्थायिक झाले. तिथे ते उन्हाळ्यात युवा शिबिरे चालवणाऱ्यांना प्रशिक्षण देत. २३ ऑक्टोबर १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील त्यांची चळवळ पुढे ओसरली. ब्रिटनमध्ये मात्र त्यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन १९२५ मध्ये सुरू झालेली ‘वुडक्राफ्ट फोक’ ही संस्था आजही मुलामुलींची शिबिरे भरवते.

ज्या संघटनेतून ते बाहेर पडले, तिनेही १९२६ मध्ये त्यांचा सन्मान केला. न्यू मेक्सिकोत फिलमाँट येथे तिचा मोठा शिबिरतळ आहे. दर उन्हाळ्यात हजारो मुले तिथे तंबू ठोकतात. त्याच आवारात सेटन यांच्या नावाचे ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. लोबोचे कातडे तिथेच जतन केलेले आहे.