गाणं शिकायला गुरूच्या घरी पाणी भरावं लागायचं, पलुस्करांनी त्याचा वर्ग भरवला

समजा, तासगावातल्या एखाद्या पोराने रील बघता बघता डबल बेस नावाचं वाद्य बघितलं. माणसापेक्षा उंच, व्हायोलिनचा थोरला भाऊ शोभेल असं. वाजवणारा जाड तार बोटाने ओढतो आणि सोडून देतो, ती खालच्या पट्टीवर टक्कन आपटते. लगेच तळहाताने त्याच पट्टीवर थाप. सूरही तोच आणि तालही तोच.

याला म्हणतात स्लॅप. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या जॅझवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी ही पद्धत गाजवली. १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये ड्रम नव्हताच. ड्रमची जागा बिल ब्लॅक नावाच्या माणसाने डबल बेसवर थापा मारून भरून काढली होती.

आता आपल्या पोराला हे शिकायचंय. तासगावात डबल बेसचा मास्तर कुठून आणणार? पण त्याचं अडत नाही. मोबाईलवर धडे आहेत. आधी नुसतं ओढा आणि सोडा. ते जमलं की मध्ये एक थाप, मग दोन थापा. बोटांना फोड आले की दोन दिवस आराम. कुठली तार कुठे दाबायची हे सांगायला टॅब आहे, म्हणजे चार तारांच्या चार रेघा आणि त्यावर आकडे. आकडा वाचता आला की बास.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच पोराला साधं सारेगम शिकायचं असतं तर?

तर आधी गुरू शोधायचा. त्याने हो म्हणायची वाट बघायची. मग त्याच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं. गुरूच्या मनात येईल तेव्हा, येईल तेवढं कानावर पडणार. लिहून घ्यायची सोय नाही, प्रश्न विचारायची तर त्याहून नाही. आणि एवढं करून गवई झालाच, तर गावात त्याची किंमत किती? ते पुढे येईलच.

हे सगळं बदलायला निघालेल्या माणसाचं आडनाव आपल्याच भागातलं आहे. पलूस. आज स्वतंत्र तालुका असला तरी हे गाव आधी तासगाव तालुक्यात होतं. तिथलं एक गाडगीळ घराणं गावाच्या नावावरून पलुस्कर झालं आणि त्याच घराण्यात जन्मले विष्णु दिगंबर पलुस्कर.

फटाका उडाला आणि शाळा सुटली

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. तेव्हा तिथे पटवर्धनांचं संस्थान होतं. वडील दिगंबर गोपाळ पलुस्कर कीर्तनकार. त्यामुळे घरात टाळ, मृदंग, अभंग हे रोजचंच. पोरगं हुशार, शाळेत जात होतं, शिकून कुठेतरी चिकटेल अशी घरच्यांची अपेक्षा.

तर झालं असं की दत्तजयंतीच्या उत्सवात दारू उडवत असताना फटाका विष्णूच्या तोंडाजवळ फुटला. डोळ्यांना जबर इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं. जीव वाचला, थोडंफार दिसायलाही लागलं, पण अक्षरं वाचणं अवघड झालं. शाळा तिथेच संपली.

डोळ्याने अधू झालेल्या कीर्तनकाराच्या पोराने करायचं काय? त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. भडभड्यांनी त्याला गाणं शिकवा असं सुचवलं. आवाज चांगला होता आणि मिरजेत तेव्हा एक मोठा गुरू होता, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर.

बाळकृष्णबुवा म्हणजे मिरजेजवळच्या बेडगचे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती त्यांनी. ती मिळवण्यासाठी त्यांनी तरुणपणी घर सोडून अनेक वर्षं हाल काढले होते. मिरजेच्या संस्थानिकांनी विष्णूची सोय लावून दिली आणि पोरगा त्यांच्याकडे शिकायला लागला. तंबोरा घेऊन तास न् तास तोच पलटा घोटायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. विष्णू तयार झाला, पण ही शिकण्याची पद्धत किती जणांना परवडेल, हेही त्याला कळलं.

गुरूला आमंत्रणच नव्हतं

मिरजेतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात कायम सांगितला जातो. गावात एक समारंभ होता. प्रतिष्ठित लोकांना बोलावणं गेलं, दरबाराच्या मर्जीतला म्हणून विष्णूलाही आलं. पण त्याच्या गुरूला नाही. विष्णूने चौकशी केली तेव्हा कळलं, की गवयाला अशा ठिकाणी बोलवायची पद्धत नाही. ज्याच्या गळ्यावर दरबार खूश होता, त्याला पाहुणा म्हणून बसवायला दरबार तयार नव्हता.

तेव्हाच्या पांढरपेशा घरांमध्ये गाणं म्हणजे वाया गेलेल्यांचा उद्योग समजला जायचा. पोराने गाणं शिकतो म्हटलं की बाप काठी काढायचा. मुलीने म्हटलं तर विषयच संपला.

१८९६ मध्ये विष्णुबुवांनी मिरज सोडली. सातारा, बडोदा करत ते सौराष्ट्रात पोचले. एरवी गवई एखाद्या राजाच्या पदरी राहायचे आणि राजा म्हणेल तेव्हा गायचे. विष्णुबुवांनी लोकांसाठी तिकीट लावून जाहीर मैफल करायचा प्रयोग केला. आज हे साधं वाटतं. पण त्याचा अर्थ असा, की गवयाचं पोट आता राजाच्या मर्जीवर नाही, दोन-चार आणे काढणाऱ्या सामान्य माणसावर चालू शकतं.

तिथून ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा प्रवास करत ते लाहोरला गेले.

लाहोरच्या रिकाम्या वर्गात

५ मे १९०१ या दिवशी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. संगीताची शाळा ही कल्पना अगदी नवीन नव्हती. बडोद्यात मौलाबक्ष यांनी त्याआधीच संस्थानच्या आश्रयाने शाळा काढली होती आणि गाणं लिहायची पद्धतही बसवली होती. पण लाहोरची शाळा कुठल्याही राजाची नव्हती. ती लोकांच्या वर्गणीवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि बुवांच्या मैफलींच्या पैशावर चालायची होती.

सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. आठवण अशी सांगतात, की बुवा शाळेच्या वेळेला रिकाम्या वर्गात तंबोरा घेऊन बसायचे आणि स्वतःच रियाज करायचे. वेळापत्रक मात्र मोडायचे नाहीत.

हळूहळू पोरं यायला लागली. आणि इथे खरा प्रश्न उभा राहिला. गुरूच्या घरी एक शिष्य असतो, त्याला बारा वर्षं देता येतात. वर्गात वीस जण बसलेत, त्यांना तासाभरात काय शिकवणार? आणि घरी गेल्यावर त्यांनी काय आठवायचं?

उत्तर होतं, गाणं कागदावर उतरवायचं. बुवांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. खालच्या सप्तकातला सूर असेल तर अक्षराच्या डोक्यावर टिंब, वरच्या सप्तकातला असेल तर डोक्यावर उभी रेघ. कोमल सुराला पाय मोडल्याची खूण. सूर किती वेळ धरायचा हे सांगायला खाली मात्रांच्या वेगळ्या खुणा. नवशिक्या माणसानेही बघावं आणि ओळखावं. ज्या माणसाला स्वतःला अक्षरं नीट दिसत नव्हती, त्याने बाकीच्यांसाठी गाणं डोळ्याला दिसेल असं केलं.

मग पुस्तकं निघाली. पोरांसाठी ‘संगीत बालप्रकाश’, पुढच्या टप्प्यासाठी ‘रागप्रवेश’ची भागाभागाने मालिका. शाळेने पुढे स्वतःचा छापखाना घातला, वाद्यांच्या दुरुस्तीचा कारखाना घातला. बाजाची पट्टी बसली किंवा तंबोऱ्याची घोडी हलली तर तिथेच काम व्हायचं.

आपल्या डबल बेसवाल्या पोराला जवळची वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. सूर लिहिता येतो, पण थाप कशी लिहिणार? लाहोरच्या शाळेत मृदंग आणि तबला शिकवायला बुवांचे सहकारी गुरुदेव पटवर्धन होते. त्यांनी १९०३ मध्ये ‘मृदंग और तबला वादनपद्धति’ हे पुस्तक काढलं. जे ज्ञान गुरूच्या हाताकडे बघूनच मिळायचं, त्याचे पाठ छापून विद्यार्थ्याच्या हातात पडले. आजचे स्लॅप शिकवणारे धडे हेच करतात. हाताची एक हालचाल सुटी करायची, तिला नाव द्यायचं आणि एका वेळी एकच शिकवायची.

फीवाले वेगळे, करारवाले वेगळे

बुवांना ठाऊक होतं, की संध्याकाळी तासभर येणारा कारकून काही तानसेन होणार नाही. पण तो कानसेन झाला तरी पुष्कळ. त्याच्या घरात गाणं शिरेल, त्याची पोरं शिकतील, गवयाला मान मिळेल. म्हणून फी भरून येणाऱ्यांसाठी वर्ग होते. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग होते आणि तिथे बुवांच्या पत्नी रमाबाई शिकवायच्या.

पण शिकवणारे कुठून येणार? त्यासाठी दुसरी योजना होती. होतकरू पोरांनी नऊ वर्षांचा करार करायचा आणि शाळेतच राहायचं. जेवणखाण, शिक्षण सगळं फुकट. शिकून झालं की गावोगाव जाऊन शिकवायचं. शिस्त कडक, पहाटेपासून रियाज.

या योजनेतून आणि बुवांच्या सहवासातून कोण कोण निघालं बघा. ओंकारनाथ ठाकूर, ज्यांच्याकडे १९१६ मध्ये लाहोरच्या शाळेचा कारभार आला. मिरजेचे विनायकराव पटवर्धन आणि बी. आर. देवधर. कोल्हापूरचे नारायणराव व्यास. पुढे याच देवधरांकडे कुमार गंधर्व शिकले.

इमारत उभी राहिली, पण

१९०८ मध्ये शाळेने मुंबईत पाय ठेवला. विद्यार्थी वाढले, जागा पुरेना. बुवांनी सँडहर्स्ट रोडला शाळेची मोठी इमारत बांधली. पैसा अर्थातच कर्जाचा. हिशेब असा, की मैफली करायच्या आणि हप्ते फेडायचे.

पण तोवर बुवांचं मन दुसरीकडे वळलं होतं. त्यांना रामनामाची ओढ लागली. मैफलीपेक्षा भजन आणि प्रवचन वाढलं. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गायचे. गांधीजींच्या प्रार्थनेतून घराघरात पोचलेली ‘रघुपति राघव राजाराम’ची चालही त्यांचीच मानली जाते. मान वाढला, मिळकत घटली. सावकार थांबले नाहीत. १९२४ च्या सुमारास मुंबईची इमारत लिलावात गेली. ज्या शाळेसाठी आयुष्यभर गळा झिजवला, तिचं छप्पर गेलं.

बुवा नाशिकला आपल्या रामनाम आधार आश्रमात राहिले. घरातही दुःख होतंच. मुलं एकामागून एक गेली. जगला तो एकच, १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय. तब्येत खालावल्यावर बुवांना मिरजेला आणलं. डोळ्यांवर उपचार करून घ्यायला ज्या गावात ते लहानपणी आले होते, तिथेच २१ ऑगस्ट १९३१ रोजी ते गेले. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनी त्याला शिकवलं आणि तो डी. व्ही. पलुस्कर झाला. ‘बैजू बावरा’तल्या जुगलबंदीत अमीर खाँसाहेबांसोबत आहे तो आवाज त्यांचाच. तेही १९५५ मध्ये, ऐन चौतिशीत गेले.

टीका झाली का? झाली की

बुवांच्या पद्धतीवर तेव्हाही बोललं जायचं आणि आजही बोललं जातं. वर्गात बसवून कलाकार घडत नाही, हा पहिला आक्षेप. मींड, गमक, सुराचा लगाव हे खुणांमध्ये मावत नाही, हा दुसरा. स्वतः लिपी तयार करणाऱ्या भातखंड्यांचा मार्गही वेगळा होता. पुढे शाळांमधून भातखंडे लिपीच जास्त चालली.

तिसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ग्वाल्हेरची गायकी आली हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या घरातून. बुवांनी गाण्याला भक्तीचा, प्रार्थनेचा रंग दिला. जुन्या बंदिशींतले शृंगाराचे शब्द त्यांनी बदलले. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांची दारं उघडली खरी, पण ज्या उस्तादांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली ते नव्या शाळांच्या चित्रात मागे पडले, असं अभ्यासक म्हणतात. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

मग उरलं काय? इमारत गेली, लिपीही मागे पडली. पण बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही नावं तुमच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या प्रमाणपत्रावर असतील. दुपारी शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून, समोर बाजाची पेटी ठेवून परीक्षेला बसलेलं पोरगं भले पुढे गाणं सोडून देतं. पण त्याला विचारायचा हक्क मिळालेला असतो, की मास्तर, हे कसं करायचं? आणि मास्तरला ते सांगावं लागतं.

टॅबवरचे आकडे वाचत डबल बेसच्या तारेवर पहिली थाप मारणाऱ्या पोराला हाच हक्क मिळालेला आहे. त्याच्या बोटांना फोड येतीलच, ते काही चुकत नाहीत. फक्त त्याआधी कुणाच्या घरी पाणी भरावं लागत नाही.